चार बोटांची ढील

स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपल्या हातात नाही, हा प्रकार ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल मी काय म्हणते ते. स्टिअरिंग उजवीकडे वळवावं तर आधी काहीच होत नाही. चार बोटं ते नुसतं पोकळ फिरतं. मग गाडीला एकदम जाग येते आणि ती वळते, तीही पाहिजे त्यापेक्षा जास्त. म्हणून आपण डावीकडे आणायला जातो, तर पुन्हा चार बोटं पोकळ. नाकासमोरच्या सरळ रस्त्यावरसुद्धा हात सारखे हलत राहतात. तासाभराने खांदे भरून येतात आणि डोक्यात तिडीक जाते.

चार महिने मी अशी गाडी चालवली. आठवड्यातून तीनदा, मांडवगण फराट्याहून दौंडला, शेजारी सासूबाईंना बसवून. या चार महिन्यांत ज्याला ज्याला सांगितलं की स्टिअरिंग ढिलं झालंय, त्याने त्याने आधी माझ्या हातांकडे पाहिलं. त्या नजरेची मला आजही किळस येते.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांच्या किडन्या दीड वर्षापूर्वी कामातून गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावं लागतं. आत्या त्याला मशीन म्हणतात. 'आज मशीन हाय का गं?' असं विचारायच्या, गिरणीत दळण न्यायचं असल्यासारखं. दौंडच्या दवाखान्यात सकाळी आठची खाट मिळाली होती. उशीर झाला की ती खाट दुसऱ्याला जायची. एक खेप चुकली की दुसऱ्या दिवशी आत्यांचे पाय सुजायचे. तिसऱ्या दिवशी आडवं होता यायचं नाही, दम लागायचा. पुढची खेपही चुकली तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

घरात गाडी चालवणारे तिघं. नवऱ्याची रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट. दिराला शेती, आणि शेतीपेक्षा जास्त सोसायटीच्या निवडणुका, कुणाचा साखरपुडा, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या बोर्डावर फोटो. राहिले मी. शिरूरच्या एका शाळेत मी शिकवत होते. ती नोकरी सोड असं मला कुणी म्हणालं नाही. ज्या दिवशी डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा यावं लागेल असं सांगितलं, त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला सगळे नुसते माझ्याकडे बघत बसले. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

गाडी मला वडिलांनी शिकवली. ते कवठे येमाईहून भाजीपाल्याचा टेम्पो पुण्याच्या मार्केटला न्यायचे. टेम्पोचं बारीकसारीक काम स्वतःच करायचे, आणि मी त्यांना पाने देत शेजारी उकिडवी बसलेली असायची. मुलीला गाडी शिकवली म्हणून आमच्या भावकीने त्यांना बरंच ऐकवलं होतं. त्यांनी फार मनावर घेतलं नाही. तेव्हा गाडीतलं मला थोडंफार कळतं, हे माझ्या सासरी सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून उपयोग काय, ते पुढे दिसलंच.

उसाचा हंगाम सुरू झाला होता. मी दोन दिवस माहेरी गेले होते, वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. परत आले ती सोमवारी संध्याकाळी, आणि मंगळवारी सकाळी आत्यांना घेऊन निघाले. वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत काही वाटलं नाही, कारण कच्च्या रस्त्यावर सगळंच हलतं. डांबरी लागली आणि लक्षात आलं. स्टिअरिंगवरची कंपनीची खूण सरळ असायला हवी ती थोडी डावीकडे कलली होती, आणि गाडी रस्ता धरत नव्हती.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने अंगणात गाडी चार हात पुढे घेतली, चार हात मागे घेतली आणि खाली उतरला.

"हवा कमी असंल," तो म्हणाला. "आन् तू लै घट्ट धरतीस स्टेरिंग. जरा सैल धरत जा."

"अहो, ते आधीच सैल आहे. मी आणखी सैल धरू?"

"तसं न्हाई गं," म्हणून तो हात-पाय धुवायला गेला.

हवा भरली. फरक शून्य. मग मी टायरच्या दुकानात गेले. तिथला कामगार उत्तरेकडचा होता. त्याने चाकांना चिमटे लावले, कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल रेघा होत्या त्या हिरव्या केल्या, कललेली खूण सरळ करून दिली आणि म्हणाला, "सब ओके है मॅडम." मी म्हटलं, भैया, आधी याच्यात ढील कुठे आहे ते बघ, मग रेघा हिरव्या कर. त्याला माझं हिंदी कळलं नाही असं तरी कसं म्हणू? त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. पडदा हिरवा होता, म्हणजे गाडी बरी होती. गाडीत जाऊन बसायची त्याला गरज वाटली नाही. खूण सरळ झाल्यामुळे उलट वाईट झालं, कारण आता दाखवायलाही काही राहिलं नाही. ढील तेवढीच होती.

नंतर शिरूरला एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. नवऱ्याला सुट्टी होती म्हणून तोही आला, आणि तीच चूक झाली. कारण तिथला टाय लावलेला पोरगेला माणूस त्यानंतर एक शब्दही माझ्याशी बोलला नाही. मी सांगायची, तो नवऱ्याकडे बघून मान हलवायचा. गाडीला वायर जोडून टॅब पाहिला. मग आम्हाला मागे बसवून स्वतः चक्कर मारायला निघाला. गुळगुळीत रस्त्यावर, तीसच्या वेगाने, एका बोटाने स्टिअरिंग धरून. परत आल्यावर नवऱ्याला म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये एकही एरर नाही. मॅडम आधी छोटी गाडी चालवत होत्या का?"

नवरा हसला.

त्या हसण्याचं काय करावं मला अजून सुचलेलं नाही. तो वाईट माणूस नाही. पण दुसऱ्या पुरुषाने आपल्या बायकोची चेष्टा केली की तिच्या बाजूने उभं राहण्यापेक्षा त्याच्याबरोबर हसणं सोपं असतं, आणि त्याने सोपं ते केलं. मी तिथला फुकटचा चहाचा कप तसाच ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

तिसरा प्रयोग दिराच्या ओळखीच्या मिस्त्रीने केला. तो वस्तीवर आला, तोंडात तोबरा, खाली पिचकारी टाकली, आणि गाडीखाली नुसता हात घालून म्हणाला, "वहिनी, आवळून देतो. लोण्यासारखी चालंल." त्याने रॅकचा, म्हणजे स्टिअरिंग ज्या दात्यांच्या दांड्यातून चाकं वळवतं त्याचा, स्क्रू आवळला. रोग कुठे आहे ते पाहायचंच नाही, जिथे पाना पोचतो ते आवळायचं. आमच्याकडे निम्म्या गाड्या अशाच दुरुस्त होतात. आवळल्यावर काय झालं? ढील होती तशीच राहिली आणि वर स्टिअरिंग जड झालं. आधी निदान वळण संपल्यावर ते आपोआप सरळ व्हायचं, आता तेही होईना. वळवलं तिथेच अडकून राहायचं आणि ओढून परत आणावं लागायचं. त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "सवय व्हईल तुमाला."

सवय! या एका शब्दाचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नसेल. बाईने काहीही सांगावं, उत्तर ठरलेलं.

दुसऱ्या माणसाकडून परत तो स्क्रू पहिल्यासारखा करून घेतला आणि मी गप्प झाले. गप्प झाले म्हणजे मला पटलं असं नाही. खरं तर त्याहून वाईट झालं. मला शंका यायला लागली. आपलेच हात असे झाले असतील का? चाळिशी उलटली, नोकरी सुटली, झोप पुरी होत नाही. मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवून बघायला लागले. जावेच्या भावाची गाडी सहज म्हणून गावातून फिरवून आणली. ती शहाण्यासारखी चालली. म्हणजे हात ठीक होते. पण हे मला पडताळून पाहावं लागलं, याचीच मला लाज वाटली.

नदीवर पूल आहे. इकडे शिरूर तालुका, तिकडे दौंड. हंगामात त्या पुलावरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात, एकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर गाण्यांचा भोंगा. एका शनिवारी सकाळी समोरून असा ट्रॅक्टर आला. मी गाडी डावीकडे घेतली. घेतली म्हणजे स्टिअरिंग वळवलं. गाडी आली नाही. अजून वळवलं, आणि ती आली ती एकदम. डावीकडचा आरसा कठड्यावर फुटला आणि दरवाजा लांबपर्यंत खरवडला. गाडी थांबली. आत्या म्हणाल्या, "लागलं न्हाई मला. चल." खाली पाणी होतं. मी खाली बघायचं टाळलं आणि दौंड गाठलं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. नर्सने उपकार केल्यासारखी खाट दिली.

संध्याकाळी घरात बैठक बसली. दार खरवडलेलं सगळ्यांनी पाहिलं. स्टिअरिंग कुणीही पाहिलं नाही. दिराने किल्ली उचलून स्वतःच्या खिशात घातली आणि म्हणाला, "वहिनी, तुमाला काय बोलत न्हाई मी. पण आईचा जीव हाय. हितनं पुढं मी नेत जाईन."

"आईचा जीव आहे म्हणूनच सांगते, भाऊजी, गाडी आधी दुरुस्त करा. तुम्ही चालवलीत तरी ती तशीच चालणार."

"मी चालवतोच की अधनंमधनं. मला तर काय जाणवत न्हाई."

याला जाणवत नव्हतं, कारण हा गाडी चालवत नव्हता, हाकत होता. खड्डा आला की खड्ड्यात, फोन आला की फोनवर. नवरा भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. मला माहीत होतं पुढे काय होणार. किल्ली माझ्याकडे नाही म्हणजे आत्यांचं मशीन चुकणार. एवढं साधं होतं ते.

मंगळवारी दिराने नेलं. गुरुवारीही नेलं, अर्धा तास उशिरा. खाट नशिबाने शिल्लक होती. शनिवारी कुणाच्या तरी सत्काराला जायचं होतं. "येक दिवसानं काय व्हतंय," म्हणून तो इस्त्रीचे पांढरे कपडे घालून मोटरसायकलवर निघून गेला. किल्ली त्याच्याच खिशात. मी भाड्याची गाडी शोधली. लग्नसराईत एकही रिकामी नव्हती. रविवारी आत्यांच्या पायात बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. सोमवारी त्यांना आडवं होता येईना. उशा रचून बसवलं. बसल्या बसल्या त्या जोरजोरात श्वास घ्यायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "न्हाई गं, काय झालं न्हाई." मी दिरापुढे जाऊन हात पुढे केला. तोंडातून शब्द काढला असता तर शिवीच निघाली असती. त्याने किल्ली दिली. मंगळवारी पहाटेच निघाले आणि पूल ओलांडेपर्यंत गाडी वीसच्या पुढे नेली नाही. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांनी मला काय काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल.

बुधवारी मी ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही. वडील टेम्पोचं स्टिअरिंग कसं बघायचे ते मला आठवत होतं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सारखं हलवायचं. चाक पूर्ण वळेपर्यंत नाही, फक्त ढील आहे तेवढंच. दुसऱ्याने खाली जाऊन एकेका सांध्यावर हात ठेवायचा. हलणं एका सांध्यापर्यंत आलं आणि पुढे गेलं नाही, तर रोग त्याच सांध्यात. बस, एवढंच. कॉम्प्युटर नको, टाय नको. आणि गाडी जॅकवर चढवायची नाही, चाकं जमिनीवरच हवीत, वजन असल्याशिवाय सांधा खरं बोलत नाही, असं ते म्हणायचे.

वस्तीच्या मागे पाण्याची चारी आहे. पाटाला पाणी सोडायची पाळी, म्हणजे आवर्तन नव्हतं, चारी कोरडी होती. दोन चाकं इकडच्या काठावर, दोन तिकडच्या, अशी गाडी चारीवर उभी केली. हँडब्रेक ओढला, चारही चाकांना दोन्हीकडून दगड लावले. आता दुसरं माणूस कोण? जाऊ म्हणाली, मला बाई भीती वाटते. पुरुष कुणी घरी नव्हते, आणि असते तरी मी त्यांना बोलावलं नसतं.

आत्या खाटेवर बसून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "मी बसू का?"

सत्तरीची बाई. डाव्या हाताला सुया टोचून टोचून गाठी आलेल्या. तिने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी त्यांना धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघितलं. समोर उसाचं रान होतं. इंजिन बंदच ठेवलं होतं, फक्त किल्ली फिरवून कुलूप काढलं होतं.

"जोर लावायचा नाही, आत्या. पाळणा हलवतो तसं. इकडे थोडं, तिकडे थोडं."

"आसं व्हय?"

"अस्सं. थांबा म्हणेपर्यंत हलवत राहा."

आधी मी पेडलपाशी वाकून वरून आलेल्या दांड्याचा सांधा धरला. आत्यांचे हात फिरले की तोही त्याच क्षणी फिरत होता. तो ठीक. मग चारीत उतरले. पोटापर्यंत गवत, केसांत माती, वरून जुन्या ऑइलचा वास. रॅक जिथे बसवलेला असतो तिथे हात ठेवला. तो जागचा हलत नव्हता. उजव्या चाकाकडचा दांडा धरला. आत्यांनी हलवलं की दांडा सरकायचा आणि चाकही त्याच्याबरोबर. तोही ठीक.

डाव्या चाकाकडे आले. दांडा चाकाला जिथे जोडलेला असतो तिथे गोळ्याचा सांधा असतो. त्यावर हात ठेवला. टक. दांडा सरकला, चाक जागचं हललं नाही. परत टक. माझ्या बोटांना तो ठोका लागत होता. त्याचं रबर फाटलं होतं, आतलं ग्रीस केव्हाच गेलं होतं, तिथे नुसता मातीचा लगदा. मी खालून ओरडले, "आत्या, हलवा, हलवा!" त्या हलवत होत्या. टक, टक, टक. चार महिने सगळ्यांनी माझ्या हातात शोधलेली ढील इथे होती, माझ्या बोटांखाली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग लगेच, अगदी त्याच्या मागोमाग, मला तो दांडा दिसला.

तो वाकलेला होता. मधोमध, खाली. आणि वाकल्या जागी लोखंडावर कड्यांचे वण होते. एकापुढे एक, साखळीच्या कड्यांचे.

केडगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला फोन केला. वडील त्यांच्याकडून टेम्पोचं मोठं काम करून घ्यायचे. गाडी आणू नका, आहे तिथेच उभी ठेवा, म्हणाले, आणि मोटरसायकलवर स्वतः आले. येताना नवा दांडा आणि नवा सांधा घेऊनच आले. खाली वाकून पाहिलं आणि त्या वणांवरून अंगठा फिरवला.

"ही फसली व्हती कुठंतरी," ते म्हणाले. "आन् ट्रॅक्टरला साखळी लावून वढलीय. वढायला पुढं कडी आसती, तिला लावायची सोडून ह्या दांड्याला लावली. आजून आठ-पंधरा दिवसांनी ह्यो सांधा निसटला आसता पोरी. मग चाक येकीकडं, गाडी येकीकडं. कोन चालवतंय ही?"

"मी," म्हटलं.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं नाही. गाडीखाली गेले आणि कामाला लागले.

संध्याकाळी मी जुना दांडा ओसरीवर, सगळे चहा पीत बसले होते तिथे, मधोमध ठेवला. विचारलं, कुणी ओढली गाडी?

दिराने कपातून एक घोट घेतला. "आरं हां, ती व्हय. तुम्ही माहेरी गेला व्हता तवा. ऊसतोडीच्या टोळीवाल्यांना पैसं द्यायला उसात नेली व्हती, तर पाटाच्या पाण्यानं बांध भिजलेला, फसली जरा. मग वढली. त्याला काय झालं?"

"सगळ्यांना माहीत होतं?"

जाऊ उठून आत गेली. नवरा म्हणाला, "मला नंतर कळलं." नंतर म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही. पण शिरूरच्या त्या माणसाबरोबर हसला तेव्हा त्याला माहीत होतं, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच मला समजलं.

"आवो, तसं काय आमी वाऱ्यावर सोडली न्हाई," दीर म्हणाला, आणि हे तो खरंच समजावणीच्या सुरात म्हणाला. "बाहेर काढल्या काढल्या धुतली. नारळ फोडला. चारी चाकांखाली लिंबू ठेवून वरनं नेली. आईनं सोता दृष्ट काढली गाडीची. मीठ-मिरच्या जाळल्या, ठसकासुदिक लागला न्हाई कुणाला. म्हंजी किती दृष्ट लागली व्हती बघा."

दहा-बारा माणसं जमली असणार त्या बांधावर. कुणी ढकललं असेल, कुणी साखळी आणली असेल, कुणी नारळ आणायला पळालं असेल. एवढ्या सगळ्यांत गाडीखाली एकदा वाकून बघावं असं एकालाही वाटलं नाही. गाडीची दृष्ट काढली की गाडी बरी झाली. आणि जी बाई ती गाडी उद्या सकाळी पुलावरून नेणार आहे तिला सांगायची काय गरज? सांगितलं तर ती कटकट करणार. मला त्या ओसरीचा, त्या कपांचा, चहा ओढण्याच्या आवाजाचा इतका उबग आला की मी तिथून उठून गोठ्यात जाऊन उभी राहिले. म्हशी निदान खोटं बोलत नाहीत. किल्ली मी त्यानंतर कुणाला दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही.

गुरुवारी सकाळी निघालो. नवा सांधा, नवा दांडा. परत येताना दौंडलाच चाकांच्या रेघा पुन्हा सरळ करून घ्यायच्या होत्या, पण तेवढ्यानेही गाडी ऐकायला लागली होती. बोटभर वळवलं की बोटभर वळायची. चार महिन्यांनी माझे खांदे खाली आले. पूल लागला, समोरून ट्रॅक्टर आला, मी बाजूला घेतली आणि गाडी बाजूला झाली. यात सांगण्यासारखं काही नाही, पण मला ते फार सुंदर वाटलं.

पूल संपल्यावर मी विचारलं, "आत्या, गाडी ओढून काढली तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"व्हते की. बांधावरच बसले व्हते."

"मग मला बोलला का नाहीत? चार महिने मी सगळ्यांना सांगत होते. तुमच्यादेखत सांगत होते."

आत्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "त्यो म्हणला, वहिनीला सांगू नगंस. घर डोक्यावर घील."

मी गिअर बदलला. थोड्या वेळाने त्यांनीच पुढे सांगितलं. "आन् मला वाटलं, आता माझं काय ऱ्हायलंय? ह्या मशीनवरचं जगणं म्हंजी काय जगणं हाय व्हय? सुया टोचून घ्यायच्या आन् पानी मोजून प्यायचं. गाडी गेली पुलाखाली तर गेली. सुटले म्हणीन. त्या दिशी आरसा फुटला ना, तवा म्हणलं, आता गेले. बरं वाटलं मला."

"आत्या," मी म्हटलं, "गाडी मी चालवत होते."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं नाही. पहिल्यांदाच काहीतरी कळल्यासारखं.

"व्हय की गं," त्या म्हणाल्या. "तुझं ध्यानातच आलं न्हाई बघ."

त्या खोटं बोलत नव्हत्या. दिराचा राग करता येतो, नवऱ्याशी अबोला धरता येतो, टाय लावलेल्या माणसाला मनात शिव्या देता येतात. याचं काय करायचं? माझ्या हाताखाली राबलेली, माझ्यासाठी स्टिअरिंग हलवत बसलेली, घरातली एकुलती एक माझ्या बाजूची बाई. चार महिने आम्ही दोघी त्या गाडीत होतो. एकीला मरायचं होतं, आणि दुसरीही त्याच गाडीत आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आठला पाच कमी असताना मी गाडी दवाखान्याच्या दारात लावली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. आत्यांनी उतरायला नेहमीसारखा हात पुढे केला. तो धरायला त्या दिवशी मला वेळ लागला.